बरगे काढायच्या आधी पंचगंगा तपासा : शिरोळ तालुक्यातून एक मागणी

गावंदर (धागाकर्ता)

गेल्या जूनमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला धारा काढायला उठलो तर वास आला. शेणाचा नाही, मळीचा नाही, सडक्या अंड्याचा. तसाच बॅटरी घेऊन बंधाऱ्यावर गेलो. आदल्या दिवशी संध्याकाळी वरच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले होते. तिथं उन्हाळाभर तुंबलेलं पाणी रात्रीतनं आमच्याकडं उतरलं होतं, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. काठाला मासे तोंड वर काढून हवा घेत होते. चिलापीसारखा चिवट मासा, तोही. वांबी तर चिखलातनं बाहेर येऊन काठावर पडल्या होत्या. आठ वाजेपर्यंत पोरं बुट्ट्या घेऊन आली आणि मासे गोळा करायला लागली. खाऊ नका म्हणून मी ओरडत होतो. काहींनी ऐकलं. काही मासे बाजारात गेले.

संबंधित खात्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाटलीत पाणी घेतलं, पंचनामा केला. पण पहाटेचं पाणी तोवर पुढं कृष्णेला मिळालं होतं. बाटलीत जे गेलं ते त्यामागून आलेलं, पुष्कळ बरं पाणी. अहवाल काय येणार हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

ज्यांना आमची नदी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते आणि जवळपास ८० किलोमीटर वाहून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. एवढ्याशा लांबीत कोल्हापूर शहर येतं, इचलकरंजी येते, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि काठावरची कितीतरी गावं येतात. आणि मध्ये बंधारे. पावसाळ्यात 'अमुक बंधारे पाण्याखाली' अशी जी बातमी रोज येते ती नावं सगळ्यांना पाठ असतील : राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून राज्यभर नाव झालेली हीच ती रचना. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं, उसाला उपसायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे.

म्हणजे नोव्हेंबर ते मे ही नदी वाहत नाही. ती एकापुढं एक ठेवलेल्या हौदांसारखी असते. वरनं धरणाचं पाणी सोडलं की तेवढ्यापुरती हलते, पुन्हा थांबते. आणि याच महिन्यांत गाळप हंगाम असतो, याच महिन्यांत शहरांचं सांडपाणी पातळ करायला नदीत पाणी नसतं. घाण आली तशी तळाशी बसते, वर केंदाळ (जलपर्णी) पसरतं. पहिल्या वळवानं किंवा बरगे काढल्यावर तळ ढवळतो आणि ते सगळं एका रात्रीत खाली येतं.

मासे मेले की आम्ही आठवडाभर ओरडतो. मोर्चा निघतो, मेलेले मासे टोपलीत घालून साहेबांच्या टेबलावर नेले जातात. मी स्वतः गेलो आहे. पण नदी त्या रात्री मरत नाही. ती फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये रोज थोडी थोडी मरत असते, आणि तेव्हा आमच्यापैकी कुणी पाण्याकडं बघत नाही. मोटर चालू झाली, पाणी पाटाला लागलं की झालं.

माझी मागणी म्हणून मोर्चाची नाही. बरगे काढायच्या आधी प्रत्येक बंधाऱ्यामागच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजावा, आकडा गावच्या फलकावर लावावा, आणि पाणी वाईट असेल तर सगळे बरगे एकदम न काढता वरची एकेक ओळ काढावी, तीसुद्धा धरणाचं ताजं पाणी मागून येत असताना. आणि जानेवारीपासून दर आठवड्याला गावानं स्वतःची नोंद ठेवावी. त्यासाठी काय लागतं, कुणी शिकवेल का, हे विचारायला हा धागा काढला. जाणकारांनी हात द्यावा.

---

रंगपंचविशी

दादा, मी इचलकरंजीत एका कापड प्रोसेसमध्ये (कापड धुऊन रंगवायच्या कारखान्यात) नऊ वर्षं काम केलं. आतली बाजू सांगतो.

लोक रंगाला घाबरतात, कारण रंग दिसतो. ओढा लाल झाला, निळा झाला, फोटो आला. पण ऑक्सिजन खाणारी मोठी गोष्ट रंग नाही, खळ आहे. सायझिंगमध्ये सुताला स्टार्चची खळ देतात, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. कापड प्रोसेसला आलं की पहिलं काम ती खळ धुऊन काढणं. ती पाण्यात गेली की जिवाणूंना जेवणच. ते ती खातात आणि खाताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन ओढून घेतात. नंतर कॉस्टिकची उकळ, ब्लीच, मग रंग, मग मीठ. मीठ कुठल्याही जिवाणूनं खाऊन संपत नाही, ते तसंच शेतापर्यंत जातं. शिरोळच्या क्षारपड जमिनींना पाण्याचा अतिवापर आणि निचरा नसणं ही कारणं आहेतच, त्यात ही भर.

सांडपाण्याच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राला पाणी द्यायचं तर लिटरमागं पैसे मोजावे लागतात. त्यामुळं काही जण रात्रीचा व्हॉल्व्ह उघडतात. सगळे नाही, हे मी मनापासून सांगतो, नियमानं चालणारे मालक मी पाहिलेत आणि त्यांनाच दुसऱ्यांचा जास्त राग असतो, कारण नियम पाळताना त्यांचा भाव वाढतो आणि काम शेजारी जातं.

चोर पकडायला नदीवर बाटली घेऊन जायची गरज नाही. कारखान्यात पाणी किती आलं (नळ, बोअर, टँकर, सगळं धरून) आणि केंद्राला किती गेलं, याचा महिन्याचा मेळ घाला. वाफेला आणि कापडासोबत जाणाऱ्या ओलीला ठरावीक वाटा सोडला की उरलेलं पाणी कुठंतरी दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर ते इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यात गेलं. टँकरची बिलं तपासणं हे प्रयोगशाळेपेक्षा स्वस्त आहे.

---

अनघा_सावंतवाडा

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही. फक्त २०१२ च्या उन्हाळ्याबद्दल लिहिते, कारण नवीन मुलांना ते माहीतही नाही.

इचलकरंजीत कावीळ आली. आधी गल्लीत एक-दोघं, मग घरटी एक. हेपॅटायटिस ई, पाण्यातून पसरणारी. माणसं दगावली. माझ्या जावेला सहावा महिना होता. ही कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची असते हे आम्हाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. सासूबाई रोज सकाळी तिला दारात उजेडात बसवून डोळ्यांच्या कडा बघायच्या. पिवळ्या आहेत का, कालच्यापेक्षा जास्त आहेत का. ती वाचली, बाळही वाचलं. समोरच्या घरातली वाचली नाही.

तेव्हापासून आमच्याकडं पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. पण उकळायला गॅस लागतो, आणि मागावर दोन पाळ्या करून आलेल्या घरात तो कुणी जाळायचा? म्हणून मला वाटतं, मासे मरण्याची वाट बघू नका. मासे मरतात त्याच पाण्याच्या पुढच्या टप्प्यावर कुठल्यातरी गावाची जॅकवेल, म्हणजे प्यायचं पाणी उपसायची विहीर, असते.

---

गावंदर

अनघाताई, आमच्या गावची जॅकवेल बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर लिहायला हवं होतं ते राहिलं. तुम्ही लिहिलंत, बरं झालं.

---

मास्तर_रसायन

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नोंद ठेवण्याचं मी सांगतो. अवघड नाही, दहावीची मुलं करू शकतात.

आधी आकडे. आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागं साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहतो. अंघोळीच्या पाण्यासाठी तो किमान ५ हवा आणि बीओडी ३ च्या आत हवा. बीओडी म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. आपल्याकडं नमुना २७ अंशाला तीन दिवस ठेवून तो मोजतात. हे काम प्रयोगशाळेचं. पण विरघळलेला ऑक्सिजन काठावर मोजता येतो आणि तो काठावरच मोजायला हवा. बाटली तालुक्याला नेईपर्यंत आत जिवाणू काम करत असतात, आकडा खोटा पडतो.

पद्धत जुनी आहे. काचेची, घट्ट बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे थेंब टाकायचे, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. जितका जास्त ऑक्सिजन तितका गडद. ऑक्सिजन नसेलच तर साका पांढरा, दुधात लिंबू पिळल्यासारखा. नेमका आकडा पुढचं टायट्रेशन केल्यावर येतो, पण तो पांढरा रंग एकदा बघितला की माणूस विसरत नाही. आयोडाइडचं ते द्रावण कातडी भाजवतं, तेव्हा हातमोजे घालून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच.

वेळ पाळा : सूर्य उगवायच्या आत. दिवसा शेवाळं ऑक्सिजन सोडतं, त्यामुळं दुपारी चारला तुंबलेलं पाणीही चांगलं दिसू शकतं. रात्री तेच शेवाळं ऑक्सिजन घेतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. तुमचे मासे पहाटे मेले आणि गाडी दुपारी आली, तिथंच निम्मा फरक पडला. केंदाळ असेल तर त्याच्या खालून नमुना घ्या, मोकळ्या जागेतून नको. आणि दर वेळी तीच जागा, तीच खोली, तोच वार.

पिण्याच्या पाण्यासाठी एच२एसची छोटी बाटली मिळते. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर त्यात विष्ठेचे जिवाणू असण्याची दाट शक्यता. ग्रामपंचायतीला ही किट मिळतात, बहुतेक ठिकाणी कपाटात पडलेली असतात. कपाट उघडायला सांगा.

---

जुना_बाभूळ

मास्तर, सगळं पटलं. पण आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, पूर आला की नदी धुऊन निघते. यात काही तथ्य आहे का?

---

मास्तर_रसायन

पाणी धुऊन निघतं. गाळात बसलेलं सगळं निघत नाही, काही पुढं सरकतं. आपल्यापुढं कृष्णेवर राजापूरचा बंधारा आहे, त्यापुढं कर्नाटक. आपण धुतलेलं कुणाच्यातरी दारात जातंच.

---

पंपहाऊस

मी एका महापालिकेच्या मलनिःसारण विभागात होतो, निवृत्त झालो. कुठली ते लिहीत नाही. शहरवाल्यांच्या बाजूनं एक कबुली द्यायची आहे.

नदीकाठचा माणूस कारखान्यावर बोट ठेवतो आणि ते चूक नाही. पण घाणीच्या नुसत्या घनमापात बघितलं तर सगळ्यात मोठा वाटा आमच्या घरांतल्या संडास-मोऱ्यांचा असतो. शहरात प्रक्रिया केंद्र असतं, त्याची क्षमता उद्घाटनाच्या फलकावर असते. पण सांडपाणी केंद्रापर्यंत आपोआप जात नाही. नाल्यावर छोटा बंधारा घालून ते अडवायचं, पंपानं उचलायचं आणि केंद्राकडं ढकलायचं. वीज गेली, पंप जळला, एक पाऊस पडला की नाला बंधाऱ्यावरून थेट नदीत. कोल्हापुरात जयंती नाला ओसंडल्याची बातमी तुम्ही वाचली असेलच. जवळपास प्रत्येक नदीकाठच्या शहरात असा एक जयंती नाला आहे.

माझ्या नोकरीत असं झालं आहे की केंद्र दिवसभर चाललं, बाहेर पडणारं पाणी नियमात होतं, अहवाल चांगला गेला, आणि त्याच दिवशी वरच्या नाल्यातनं तितकंच कच्चं पाणी नदीत गेलं. कारण तपासणी केंद्राच्या तोंडाशी होते, नाल्याच्या तोंडाशी होत नाही. मी वरिष्ठांना लिहून दिलं होतं. फाईल पुढं गेली नाही. आज वाटतं, आणखी जोर लावायला हवा होता.

म्हणून गावंदरसाहेबांना सुचवतो : नोंदवहीत एक रकाना नाल्यांचा ठेवा. अमुक नाला, अमुक तारीख, वाहतोय की अडवलाय. त्याला रसायन लागत नाही, डोळे पुरतात. पंप बंद असल्याची नोंद जनित्राच्या वहीत असते, ती माहितीच्या अधिकारात मागता येते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की बोलायला जागा उरत नाही.

एक आणखी. २०२३ मध्ये कोल्हापूरला काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचं पाणी आलं. इचलकरंजीनं वारणेचं पाणी मागितलं, दूधगंगेचं मागितलं, दोन्हीकडच्या गावांनी विरोध केला. शहरं आपल्या नदीपासून उठून दुसऱ्या नदीकडं जात आहेत. ज्या नदीचं पाणी आपण पीत नाही तिची काळजी कोण करणार, ही भीती मला खरोखर वाटते.

---

सुकतीभरती

दाभोळ खाडीच्या काठावरून लिहितोय. तुमच्या बरग्यांचं वाचून आमची भांगाची तिथी आठवली.

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं म्हणून जे सांडपाणी येतं ते करंबवण्याजवळ खाडीत सोडतात. खाडी म्हणजे समुद्रच की, जाईल वाहून, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं होत नाही. ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला परत वर येतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, पाण्याची उलथापालथ मोठी असते, घाण बरीच बाहेर पडते. पण सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलतं. तेव्हा आलेली घाण तिथल्या तिथं मागंपुढं डोलत राहते. आमच्याकडं मासे काठाला लागलेले मी पाहिलेत ते बहुतेक भांगाचेच दिवस.

माझे वडील पाग (फेकायचं जाळं) टाकून बोयटं आणि काळुंद्र्या आणायचे, आई ओहोटीला कालवं फोडायची. आता पाग घरात आढ्याला टांगलेला आहे. भोई कुटुंबांतली निम्मी पोरं मुंबईला गेली. मासा एकदम गेला नाही, एकेक जात करत गेला, त्यामुळं नुकसानीचा पंचनामा कधी झालाच नाही. जाळं रिकामं येणं ही कुठल्या फॉर्मवर लिहायची गोष्ट नाही.

तुमच्या मागणीला जोडून आमची एक : सांडपाणी सोडायची वेळ तिथी बघून ठरवा. भांगाला साठवून ठेवा, उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) सोडा. ही घाणीवरची दवा नाही, घाण कमीच करायला हवी. पण जे सोडणारच आहात ते निदान तिथी बघून सोडा. ज्यांना तिथी कळते त्यांना विचारायला कुणी येत नाही.

---

कलम_चोवीस

वकिली करतो, थोडं कायद्याचं.

जल प्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्रानं त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं होतं. या बाबतीत आपलं राज्य पुढं होतं. आणि केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात प्रदूषित नदीपट्टे ३११ होते, त्यातले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कलम २४ प्रमाणं नदीत प्रदूषक सोडायला बंदी आहे. कलम ३३अ प्रमाणं मंडळ कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. पण कोर्टात टिकायचं असेल तर कलम २१ चा नमुना लागतो : नोटीस द्यायची, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष घ्यायचा, त्याची मागणी असेल तर दोन भाग करायचे, सील आणि सह्या. गावानं घेतलेली बाटली तिथं पुरावा म्हणून उभी राहत नाही. मग तिचा उपयोग काय? तिच्यामुळं अधिकाऱ्याला कधी आणि कुठं यायचं ते कळतं. 'दर बुधवारी पहाटे पाण्यात ऑक्सिजन नसतो, सलग सहा आठवडे, या सह्या' असं पत्र गेलं की मग दुपारी येऊन भागत नाही. पुढं राष्ट्रीय हरित लवादाकडं जायचं झालं तर पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, आणि तिथं अशी सलग वही पाहिली जाते.

कारखान्याला दिलेलं संमतीपत्रही बघा. किती पाणी, किती बीओडी, कुठं सोडायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. गावातल्या दहा जणांनी ते वाचलेलं असेल तर जनसुनावणीचा सूर बदलतो.

---

गावंदर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री धागा वाचतोय.

एक गोष्ट आमच्या बाजूची लिहून टाकतो, नाहीतर अर्धवट होईल. फवारणीचा पंप आम्ही नदीतच धुतो. ट्रॅक्टर नदीत धुतो. उसाला युरिया पोत्यानं पडतो आणि पाटाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागतो, त्यावरच केंदाळ माजतं. बरगे उशिरा काढा म्हणून पाटबंधारेवाल्यांच्या मागं लागणारेही आम्हीच, कारण आणखी एक पाळी उसाला मिळावी. वरची एकेक ओळ काढायची म्हटलं तर ते आठवडाभर आधी सुरू करावं लागेल आणि तेवढं पाणी आम्हाला सोडावं लागेल. मी गावात हे बोललो. दोघे भांडले. सात जण तयार झाले.

वाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार होतं तेव्हा पाणी पादुकांवरनं जाऊन दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं आणि आमच्या घरची म्हातारी माणसंसुद्धा त्यात उभी राहून अंघोळ करतात. आईला मी कधी नको म्हणू शकलो नाही. मास्तरांनी दिलेले ५ आणि ३ हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत ते त्यासाठी.

---

गावंदर

बुधवार. शाळेतल्या सरांनी बाटल्या आणि द्रावणं मिळवून दिली. पहाटे पाच चाळीसला आम्ही पाच जण बंधाऱ्यावर होतो. पोरांना मागं उभं केलं होतं, हातमोजे सरांच्या हातात. केंदाळ काठीनं बाजूला सारून बाटली बुडवली. पहिल्या वेळी बुडबुडा राहिला, ओतून पुन्हा भरली. थेंब टाकले, उलटसुलट केली.

आमच्या बंधाऱ्यामागचा साका फिकट पिवळसर बसला. गावाच्या वरच्या अंगाला ओढा मिळतो तिथली बाटली पांढरी.

नववीतली एक मुलगी म्हणाली, काका, हे तर आपल्या गावचंच पाणी आहे, वरनं आलेलं नाही. खरं होतं. त्या ओढ्याला आमच्याच गावची गटारं येतात.

वहीत दोन्ही लिहिलं, सह्या घेतल्या. ओढ्याच्या तोंडाशी शोषखड्डे आणि गाळणी करायला काय खर्च येईल ते पंपहाऊसकाकांना विचारायचं आहे. काका, लांबी साधारण चाळीस फूट, उन्हाळ्यातही घोट्याएवढं पाणी असतं. सवडीनं लिहा. पुढचा नमुना येत्या बुधवारी.